नावापुढची अक्षरे : अभियंत्यांच्या सन्मानाचा इतिहास

मद्रासमध्ये १३ सप्टेंबर १९२० रोजी एक कंपनी नोंदवली गेली. तिला ना माल विकायचा होता, ना भागधारकांना नफा वाटायचा होता. १९१३ च्या कंपनी कायद्याखाली नोंदणी करणे तेव्हा सोयीचे होते, एवढेच. कंपनीचे नाव ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया)’. पुढच्या वर्षी, २३ फेब्रुवारी १९२१ ला, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी कलकत्त्यात तिचे रीतसर उद्घाटन केले आणि हिंदुस्थानातल्या इंजिनियरांना एकमेकांच्या कामाचे मोल ठरवायला स्वतःची जागा मिळाली. तोवर ते मोल लंडनला ठरत असे.

मयूर विहारच्या स्मरणिकेत हा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिन्यांमध्ये आहे. यमुनापारची ही वसाहत १९८० च्या दशकात आकाराला आली तेव्हा सरकारी खात्यांतून आणि सार्वजनिक उपक्रमांतून दिल्लीत नोकरी केलेली पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे सरकली. त्यांच्या दारांवरच्या पितळी पाट्या अजून शाबूत आहेत. आडनाव, त्याखाली ‘बी. ई.’, आणि त्यापुढे ‘एफ. आय. ई.’ अशी अक्षरे. एखाद्या पाटीवर नुसतेच ‘ए. एम. आय. ई.’. नातवंडांना ही अक्षरे कसली ते ठाऊक नसते. शेजारच्यांना ती विलायती पदवी वाटते. काही पाट्यांवर पुसट झालेली ही अक्षरे कुणी, कशाबद्दल आणि कोणत्या अधिकाराने दिली, हे एकदा नीट सांगावे, असे संपादक मंडळाला वाटले. ते काम माझ्याकडे आले.

पहिल्या महायुद्धात विलायतेतून यंत्रे आणि सुटे भाग येणे अवघड झाले आणि हिंदुस्थानात उद्योग किती तोकडे आहेत हे सरकारला दिसले. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ मध्ये औद्योगिक आयोग नेमला गेला. हॉलंड मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. आयोगाच्या कामातून निघालेल्या गोष्टींपैकी इंजिनियरांची स्वतंत्र संघटना ही एक. त्याआधी इथल्या इंजिनियरांत नाव काढायचे तर लंडनच्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स’चे सभासद व्हावे लागे. ती संस्था १८१८ ची. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ पासून आणि रुडकीचे १८४७ पासून माणसे तयार करत होते. पण त्या माणसांना ‘हा आपल्यातला थोर’ असे म्हणणारी संस्था सात समुद्रांपलीकडे होती.

कलकत्त्याच्या या संस्थेला ९ सप्टेंबर १९३५ रोजी शाही सनद मिळाली. त्या सनदेच्या आधारावर तिचे सभासद स्वतःला चार्टर्ड इंजिनियर म्हणवून घेऊ लागले आणि आजही म्हणवतात. संस्थेचे मुख्यालय कोलकात्यात ८, गोखले रोडवर आहे. गोखले म्हणजे आपले गोपाळ कृष्ण गोखले. मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर इंजिनियरांचे घर असावे, हा योग मला आवडतो. दिल्लीचे केंद्र बहादूर शाह जफर मार्गावर आहे. मयूर विहारहून मेट्रोच्या निळ्या मार्गाने मंडी हाउसला गाडी बदलली की पुढचेच स्टेशन आयटीओ.

संस्थेत शिरण्याची शिडी सरळ होती. खालच्या पायरीवर असोसिएट मेंबर, मग मेंबर, मग फेलो. या पायऱ्या चढायला अर्ज करावा लागे, अनुभव दाखवावा लागे, वर्गणी भरावी लागे. आपल्या पाट्यांवरचे ‘एफ. आय. ई.’ बहुधा असे चढून मिळवलेले आहे. त्यात कमीपणा काहीच नाही; पण मानद फेलोची गोष्ट निराळी. तिथे माणूस अर्ज करत नाही. संस्थाच त्याच्या दाराशी जाते आणि म्हणते, तुमचे नाव आमच्या यादीत असले तर यादीची शोभा वाढेल. थोडक्यात, खाली माणूस संस्थेकडे मोठेपणा मागतो आणि वर संस्था माणसाकडे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांना सगळा देश म्हैसूरचे दिवाण म्हणून ओळखतो, पण इंजिनियर म्हणून ते घडले ते आपल्या मुलखात. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, पुणे, सिंधमधले सक्कर असे फिरले. नीरा कालव्यावर त्यांनी पाण्याच्या पाळ्यांची ‘ब्लॉक’ पद्धत बसवली, म्हणजे एखाद्या पट्ट्यातल्या शेतांना पिकांच्या फेरपालटीसह ठरलेले पाणी. ज्याच्या हातात कालव्याचे तोंड त्याचीच चंगळ, हा जुना न्याय त्यामुळे थोडा मोडला.

त्यांचे खरे कौशल्य खडकवासल्याला दिसते. तिथले धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. भिंत उंच करायची तर खर्च अफाट आणि पाया जुना. विश्वेश्वरय्यांनी सांडव्याच्या माथ्यावर दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडत. पूर ओसरून पातळी उतरली की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री पावसात चाक फिरवायला माणूस नको. दरवाज्यांमुळे पाणी मूळच्या सांडव्यापेक्षा आठ फूट वर राहू लागले आणि भिंतीचा एक दगडही न वाढवता साठा सुमारे चौथाईने वाढला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले. तसेच दरवाजे नंतर ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसले.

लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेने त्यांना १९०४ मध्येच सभासदाचा मान दिला होता. आपल्या इन्स्टिट्यूशनने मानद आजीव सभासदत्व दिले ते १९४३ मध्ये. तोवर त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ‘सर’ ही पदवी १९१५ ची, कलकत्ता विद्यापीठाची डी. एस्सी. १९२१ ची, मुंबई विद्यापीठाची एलएल. डी. १९३१ ची. म्हणजे देशातल्या स्वतःच्या धंद्यातल्या माणसांनी त्यांना यादीत घेतले तेव्हा बाकीच्या बऱ्याच जणांचे देऊन झाले होते. दहा वर्षांनी नगररचनाकारांच्या संस्थेनेही त्यांना मानद फेलो केले. ती संस्था १९५१ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे जन्मल्यावर दोनच वर्षांत तिने हे केले. दोन संस्थांच्या या वागण्यातला फरक मला बोलका वाटतो. तरुण संस्थेला थोर माणूस लवकर हवा असतो. जुन्या संस्थेला त्याची घाई नसते.

१९६८ पासून इन्स्टिट्यूशनने विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, अभियंता दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीतल्या प्रत्येक बांधकामावर, प्रत्येक गॅरेजात आणि लेथच्या दुकानात विश्वकर्मा पूजा असते. मिस्त्री लेथला हार घालतो, पान्यांना कुंकू लावतो, बुंदी वाटतो. इंजिनियरांचा दिवस पंधराला सभागृहात, मिस्त्र्यांचा सतराला वर्कशॉपमध्ये. पूल दोघांचा एकच असतो, पण दोघे एकमेकांच्या समारंभाला जाताना मी पाहिलेले नाहीत.

सन्मानाच्या यादीपेक्षा इन्स्टिट्यूशनचे मोठे काम मला तिच्या परीक्षेत दिसते. १९२८ पासून ती असोसिएट मेंबरशिपची परीक्षा घेऊ लागली आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला सरकारी नोकरीत पदवीधर इंजिनियराच्या बरोबरीने धरले जाऊ लागले. ज्याला कॉलेजची पायरी परवडली नाही त्या ओव्हरसियरला, ड्राफ्ट्समनला, सब-ओव्हरसियरला हा मागचा दरवाजा होता, आणि तो उघडण्यासाठी लागत होती फक्त जिद्द. दिल्लीतल्या मराठी घरांत ही परीक्षा फार ओळखीची. करोल बागेतल्या भाड्याच्या खोलीत किंवा लोधी कॉलनीच्या क्वार्टरात ऑफिसातून आलेला माणूस हातपाय धुऊन, चहा घेऊन, पोरांना गप्प करून मटेरियल्सच्या ताकदीची गणिते सोडवत बसे. परीक्षेचा पहिला भाग, सेक्शन ए, निघायला वर्षे लागत. दुसरा, सेक्शन बी, निघाला की बढती. पाटीवर ‘ए. एम. आय. ई.’ कोरून घेणाऱ्याच्या मनात त्या रात्री होत्या. म्हणून त्याची चार अक्षरे कुणाच्या मानद फेलोशिपपेक्षा हलकी मानू नयेत, असे माझे मत आहे. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने ही बरोबरी काढून घेतली. कॉलेजे गल्लोगल्ली झाली, मागच्या दरवाज्याची गरज उरली नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. तो मला पूर्णपणे पटलेला नाही.

आता दुसऱ्या संस्थेकडे. इन्स्टिट्यूशनमध्ये लाखो सभासद झाले, शहराशहरांत केंद्रे उघडली, आणि त्याबरोबर एक अडचण आली. जिथे सगळ्यांना जागा आहे तिथे मोजक्यांची निवड कशी करायची? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. अलाहाबादची अकादमी १९३० ची, बंगळूरची १९३४ ची, आणि आज दिल्लीत असलेली राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ ची. या तिन्हींत अधूनमधून एखादा इंजिनियर शिरे, पण तो पाहुण्यासारखा. जगभरही हेच. स्वीडनने १९१९ मध्ये इंजिनियरांची अकादमी काढली, ती सर्वांत जुनी. अमेरिकेची १९६४ ची. ब्रिटनची १९७६ ची, आणि तिला ‘रॉयल अकादमी’ म्हणवून घ्यायला १९९२ साल उजाडले. वाफेचे इंजिन चालवणाऱ्या देशात ही गत, मग आपली काय कथा?

भारताची इंजिनियरांची राष्ट्रीय अकादमी, ‘इंडियन नॅशनल अकादमी ऑफ इंजिनियरिंग’, २० एप्रिल १९८७ रोजी दिल्लीत सोसायटी म्हणून नोंदली गेली. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९९५ मध्ये तिला स्वायत्त संस्था म्हणून आपल्या छत्राखाली घेतले. १९९९ मध्ये ती देशोदेशीच्या अभियांत्रिकी अकादम्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची सभासद झाली. बरीच वर्षे तिचे कार्यालय शहीद जीत सिंह मार्गावरच्या विश्वकर्मा भवनात होते (नावाची निवड कुणाचीही असो, चपखल होती). पुढे ते गुरुग्रामला सोहना रोडवर गेले. तिचे फेलो नावापुढे ‘एफ. एन. ए. ई.’ लावतात. इथे कुणी अर्ज करून शिरत नाही. आधीच्या फेलोपैकी कुणी तरी नाव सुचवावे लागते, मग त्या विद्याशाखेची समिती ते तपासते, मग वरची समिती, मग परिषद. परदेशी इंजिनियरांसाठी वेगळे फेलो आहेत.

अकादमीचे पहिले अध्यक्ष होते प्रा. जय कृष्ण. उत्तर प्रदेशातले, रुडकीचे प्राध्यापक आणि पुढे तिथले कुलगुरू. भूकंप अभियांत्रिकीची शाळा त्यांनी १९६० मध्ये रुडकीत उभारली आणि १९७७ ते १९८० या काळात ते जागतिक भूकंप अभियांत्रिकी संघटनेचे अध्यक्ष होते. मराठी वाचकाने या माणसाकडे जरा थांबून पाहावे, कारण त्यांच्या कामाचा मोठा धागा कोयनेला जाऊन मिळतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे पक्का कातळ, तिथे भूकंप होत नाही, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती, आणि धरणाच्या आराखड्यातही तीच समजूत होती. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीची रचना करताना भूकंपाचे बल गुरुत्वाकर्षणाच्या अवघे पाच टक्के धरले होते. पण धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक त्वरणमापक यंत्र बसवलेले होते आणि त्या रात्री ते चालू होते. त्याने जे रेखाटले त्यात आडव्या हादऱ्याचे शिखर ०.६३ जी निघाले, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्रेसष्ट टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडणे शास्त्राला तंतोतंत धरून नाही. आराखड्यातले बल आणि क्षणभराचे शिखर या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी तफावत केवढी, ते सामान्य माणसाला कळायला पुरेसे आहे.

भिंत उभी राहिली. पण उंच खंडांना वरच्या भागात तडे गेले, नेमके तिथे जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. नंतर त्या खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणली गेली. जय कृष्ण आणि त्यांचे सहकारी चंद्रशेखरन व सैनी यांनी कोयनेच्या त्या नोंदीचे विश्लेषण करून ते १९६९ मध्ये अमेरिकेतल्या सिस्मॉलॉजिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापले. धरणाच्या इतक्या जवळ, इतक्या जोराच्या धक्क्याची नोंद जगात तेव्हा दुर्मीळ होती. जगभरातले धरण बांधणारे आजही कोयनेचा आलेख उघडून आपले संगणकीय नमुने त्यावर ताडून पाहतात. पाटणच्या डोंगरात एका पहाटे एका यंत्राने काढलेल्या रेघा, आणि वीस वर्षांनी तीच विद्या जाणणारा माणूस देशातल्या इंजिनियरांच्या अकादमीचा पहिला अध्यक्ष. निवड करणाऱ्यांनी काय पाहिले असेल, याचा अंदाज येतो.

मयूर विहारलाही हे थेट लागू आहे. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक, क्रमांक १८९३, पहिल्यांदा १९६२ मध्ये निघाले. हा आकडा साल नाही, योगायोगाने तसा दिसतो. त्यात दिल्ली पुढे चौथ्या विभागात आली, म्हणजे धोका भरपूर. आपण तर यमुनेच्या गाळावर राहतो. खाली वाळू, तीत वरपर्यंत पाणी, जोराच्या हादऱ्यात अशी जमीन काही क्षण द्रवासारखी वागू शकते. काँक्रीटच्या खांबांत लोखंड कसे बांधावे यासाठीचे वेगळे मानक, १३९२०, हे १९९३ चे. त्यात सांगितलेली एक साधी गोष्ट कुठल्याही बांधकामावर दिसते. खांबाभोवती ज्या रिंगा घालतात त्यांची टोके काटकोनात न वाकवता १३५ अंशात आत, खांबाच्या गाभ्याकडे वळवायची. काटकोनातली टोके हादऱ्यात बाहेर उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या फाकतात. आत वळलेले टोक काँक्रीट धरून ठेवते. फेज वनमधल्या बऱ्याच सोसायट्या १९९३ च्या आधीच्या आहेत. खांबांना जॅकेट घालण्याचा विषय वार्षिक सभेत निघाला की खर्चावरून वाद होतो, हे आपण सगळे जाणतो. पुढच्या वेळी त्या वादात निदान रुडकीच्या मंडळींची आठवण निघावी.

अकादमीच्या यादीत मराठी नावे पुष्कळ. डॉ. अनिल काकोडकर तिचे १९९९-२००० या काळात अध्यक्ष होते. व्हीजेटीआयचे १९६३ चे यंत्र अभियंते, नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईच्या यूडीसीटीचे रासायनिक अभियंते. दिल्लीतल्या रफी मार्गावरून सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचा कारभार त्यांनी १९९५ पासून अकरा वर्षे चालवला. १९९८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीने त्यांना परदेशी सहयोगी म्हणून निवडले. डॉ. विजय भटकर यांनी पीएच. डी. आयआयटी दिल्लीत केली आणि पुण्यात सी-डॅकमध्ये १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. माधवराव चितळे हे नाव इथल्या जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष, जलसंपदा खात्याचे सचिव, १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार, आणि त्याच वर्षापासून चाणक्यपुरीत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाचे महासचिव.

रॉयल सोसायटीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. यूडीसीटीचे प्रा. मनमोहन शर्मा १९९० मध्ये तिचे फेलो झाले तेव्हा ‘पहिले भारतीय इंजिनियर’ असे छापून आले आणि अजून छापून येते. शर्मांचे मोठेपण निर्विवाद. पण त्या सोसायटीत पाऊल ठेवणारा पहिला भारतीयच मुळी मुंबईचा इंजिनियर होता. आर्देशिर करसेटजी वाडिया, मुंबई गोदीच्या जहाजबांधणाऱ्या घराण्यातले. वाफेच्या इंजिनांचे त्यांना वेड होते. माझगावच्या आपल्या बंगल्यात त्यांनी १८३४ च्या सुमारास गॅसचे दिवे लावून दाखवले. २७ मे १८४१ रोजी ते फेलो झाले. त्यांच्यानंतरचे भारतीय फेलो रामानुजन, ते १९१८ मध्ये. मधली सत्त्याहत्तर वर्षे कुणीच नाही. वाडियांवर टपाल खात्याने १९६९ मध्ये तिकीट काढले, तरी विसर पडायचा तो पडलाच.

आता जे खटकते तेही लिहायला हवे. इतिहास म्हणजे अभिनंदनाचा ठराव नव्हे. वर दिलेली नावे पुन्हा वाचा. संचालक, महासंचालक, अध्यक्ष, सचिव, प्राध्यापक. फेलोंच्या यादीत अशीच नावे जास्त. कारण निवडीची पद्धतच तशी आहे. नाव सुचवायला आधीचा फेलो लागतो आणि फेलो ज्यांना ओळखतात ते परिषदांत, समित्यांत, प्रबंधांच्या तळटीपांत भेटणारे लोक. शोधनिबंध मोजता येतात, पेटंटे मोजता येतात. पण गडचिरोलीत पावसाळ्याआधी पूल उघडून देणाऱ्या कार्यकारी अभियंत्याच्या कामाचा कागद म्हणजे मेजरमेंट बुक, आणि ते समितीपुढे कुणी ठेवत नाही. लष्कराच्या बांधकाम सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाची अर्धी कामे तर गुप्त फायलींत. अकादमीने उद्योगातले आणि प्रकल्पांवरचे इंजिनियर घेण्याचा प्रयत्न केला आहे, पण पारडे अजून एका बाजूला झुकलेले आहे.

आपल्या दाराशीच पाहा. निळा मार्ग यमुना बँकेहून मयूर विहारवरून नोएडाला गेला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. गुलाबी मार्ग ३१ डिसेंबर २०१८ ला मयूर विहार पॉकेट वनपर्यंत आला आणि तिथेच अडकला. पुढे त्रिलोकपुरीत जमिनीचा आणि राहत्या घरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न होता. पलीकडे त्रिलोकपुरी संजय लेकपासून गाडी चालू, अलीकडे पॉकेट वनपर्यंत चालू, आणि मध्ये थोड्याशा अंतराची फट. ती बुजायला ६ ऑगस्ट २०२१ उजाडला. ज्यांनी त्या काळात आराखडे बदलले, घरमालकांच्या बैठका घेतल्या, दाट वस्तीत गर्डर चढवले, त्यांची नावे कुणाला माहीत आहेत? मेट्रो म्हटले की श्रीधरन एवढेच आपल्याला येते. श्रीधरन यांचा मोठेपणा कोकण रेल्वेपासून आपण जाणतोच, पण त्या फटीत काम करणारे श्रीधरन नव्हते. तोवर त्यांना दिल्ली मेट्रो सोडून जवळजवळ दहा वर्षे झाली होती.

बायकांच्या बाबतीत तर यादी आणखी उशिरा जागी झाली. ए. ललिता यांनी १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना १९५३ मध्ये सहयोगी सभासद केले आणि १९६६ मध्ये पूर्ण सभासद. त्याच १९५३ मध्ये मुंबईत व्हीजेटीआयमधून शकुंतला जोशी स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडल्या. वडील एस. बी. जोशी, पूल बांधणीतले दिग्गज. लग्नानंतर शकुंतला भगत. पती अनिरुद्ध यांच्याबरोबर त्यांनी १९७० मध्ये क्वाड्रिकॉन कंपनी काढली आणि पोलादी पुलांचे असे ठरावीक, कारखान्यात तयार होणारे सुटे भाग बनवले की तेच भाग वेगवेगळ्या प्रकारे जोडून वेगवेगळ्या लांबीचे आणि वजनाचे पूल उभे राहत. डोंगरात अवजड तुळया नेणे अशक्य, पण हे भाग खेचरांच्या वाटेनेही नेता येत. हिमाचलातल्या स्पितीत १९७२ मध्ये त्यांचा पहिला पूल झाला, आणि पुढे काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत कितीतरी. आज अकादमी दरवर्षी स्त्री अभियंत्यांसाठी वेगळा पुरस्कार देते. तो असायलाच हवा. फक्त स्पितीचा पूल झाला तेव्हा अकादमी जन्मायला अजून पंधरा वर्षे होती, हे लक्षात असू द्यावे.

इन्स्टिट्यूशनची शंभरी २०२० मध्ये भरली, पण ते वर्ष कोणत्याही समारंभाचे नव्हते. सभागृहे बंद, व्याख्याने पडद्यावर. अकादमीला २०३७ मध्ये पन्नास पुरी होतील.

संपादक मंडळाची एक विनंती इथे जोडतो. नाव सुचवायचे तर काम कागदावर असावे लागते, आणि आपल्या वसाहतीतल्या निवृत्त अभियंत्यांच्या कामाचे कागद मुलांनी घर बदलताना रद्दीत घातले आहेत किंवा घालतील. ज्यांच्या घरी असे कुणी आहे त्यांनी येत्या गणेशोत्सवापर्यंत दोन पाने लिहून द्यावीत : कोणते धरण, कोणता पूल, कोणते वीजकेंद्र, साल कोणते, हुद्दा काय, कोणती अडचण आली आणि ती कशी काढली. ज्युनियर इंजिनियर होते म्हणून संकोच करू नये. जुने फोटो असतील तर मागच्या बाजूला पेन्सिलने नावे लिहून द्यावीत. शाईने नको, ती पुढे उमटते.